पळसदरीच्या धरणावर मी एका बाईचा जीव वाचवला, त्याची गोष्ट

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच तुम्ही, पण निदान चहा सांडू नका!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पळसदरी स्टेशनाबाहेर माझं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. एका सकाळी मुंबईचे दोघे येऊन बसले. एक दाढीवाला, एक टोपीवाला. मी भजी तळत होतो, पण कान कुठे तळणीत असतात?

"बाईला आधी धरणात ढकलू," दाढीवाला म्हणाला.

"आणि वाचली तर?"

"वाचणारच. मग बोगद्यात गाठायची. तीन जीव आहेत. तिन्ही गेल्याशिवाय गेम संपत नाही!"

माझ्या हातातला झारा थांबला. मुंबईवाले 'गेम' कशाला म्हणतात, ते काय आम्हाला ठाऊक नव्हतं? आणि तीन जीव! म्हणजे बाई लेकुरवाळी!

ते पैसे देऊन धरणाकडे निघाले. मी आत धावलो.

"सुमन, खून हाय खून! बाईचा! दोन पोरांसकट!"

"अवो, मग हितं काय उभं ऱ्हायलात?" बायको ओरडली. "पळा की!"

पळालो. झारा हातातच!

धरणाच्या काठावर प्यांट घातलेली एक उंच बाई उभी. कमरेला दोर. मागे तो दाढीवाला! मी देवाचं नाव घेतलं, धावत जाऊन तिचा हात धरला आणि ओढायला लागलो.

"बाई, चला! पोरं कुठं हायेत तुमची?"

"कुणाची पोरं?"

एवढंच ऐकलं. पुढच्या क्षणी आभाळ खाली, धरण वर, आणि मी चिखलात उताणा. बाईने मला खांद्यावरून फेकला होता, राव! नव्वद किलोचा गडी मी!

टाळ्या पडल्या. झाडामागून तीसेक माणसं बाहेर आली. कॅमेरा, छत्र्या, सगळं लटांबर.

"अहो, तुम्ही तर भजीवाले!" दाढीवाला म्हणाला. तो निघाला दिग्दर्शक. हसू आवरल्यावर त्याने समजावलं. मुंबईत म्हणे नाणं टाकून खेळायची यंत्रं आली होती. पडद्यावर एक पोरगी उड्या मारते, मरते, पुन्हा उठते. असे तिला तीन जीव; तिन्ही गेले की गेम संपला. त्याच पोरीवर हे सिनेमा काढत होते.

"मला वाटलं, मारामारीसाठी बोलावलेला माणूस आला," बाई ओशाळून म्हणाली. "लागलं का हो दादा?"

"छे छे!" मी म्हटलं. कंबर वेगळंच सांगत होती.

"पडलात मात्र झकास," दिग्दर्शक म्हणाला. "आता कॅमेऱ्यासमोर पडा."

पडलो. पुन्हा पुन्हा पडलो. दुपारचं जेवण त्यांच्याच पंगतीत झालं, बाईने आग्रहाने जिलबी वाढली. खोटं कशाला बोलू, मजा आली.

पुढे सिनेमा कर्जतला लागला. आख्ख्या आळीला घेऊन गेलो. मी जीव वाचवायला गेलो होतो, हे पडद्यावर कुठून दिसणार? दिसलं ते एवढंच: एक ढेरपोट्या गुंड बाईचा हात धरतो आणि बाई त्याला चिखलात आपटते. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. सगळ्यात मोठी शिट्टी माझ्या शेजारून आली.

वळून बघतो तर आमची सुमन, दोन बोटं तोंडात!