गप्प बसण्याचा सराव

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बागेतल्या शेडमध्ये गप्प बसणं.

रविवार होता. सुरमईचं कालवण आणि भात जेवून झालं होतं. हिनं भांडी घासली, हात पुसले आणि नातवाच्या शाळेच्या स्वेटरची उरलेली करडी लोकर घेऊन खुर्चीवर बसली. मग हातातल्या काचेच्या बांगड्यांना ती लोकर गुंडाळायला लागली, एकदा या हाताला, एकदा त्या हाताला. मी गाठ मारायला पुढे झालो तर म्हणाली, "राहू द्या. तुमची गाठ म्हणजे जहाज बांधायची. मला नंतर सुटायची नाही." दातांनी ओढून तिनं स्वतःच गाठ मारली. कोट चढवला, बुटात पाय घातले आणि आम्ही शेडमध्ये जाऊन बसलो.

वाचणाऱ्याला हे वेड्यासारखं वाटेल, म्हणून आधीपासून सांगतो.

मी कोकणातला, चौथी शिकलेला. आमच्या भातात रानडुकरं शिरायची. बाप ठासणीची बंदूक घेऊन डुकरांच्या वाटेवर, नाक्यावर बसायचा आणि आम्ही पोरं ओरडत, डबे वाजवत रान उठवायचो. पुढे खलाशी होऊन जहाजावर गेलो. मोंबासा, डर्बन, सगळी आफ्रिका मी धक्क्यावरून पाहिली. क्रेन, गोदामं आणि दारूचे गुत्ते. आत देश कसा आहे ते काही बघितलं नाही. शेवटी साउथहॅम्प्टनला उतरलो तो उतरलोच. बंदरात कंटेनर हलवायचं काम लागलं. लग्न झालेलं होतं, पण ही गावी होती. नऊ वर्षं तिनं तिकडे सासूजवळ काढली. मी पत्रं लिहायचो ती चार ओळींची. मला त्याहून जास्त यायचंही नाही.

बंदरातल्या एका गोऱ्या सोबत्यानं मला शेतावर नेलं. तिथे वाटाण्याच्या पिकावर कबुतरं पडायची, शेतकरी वैतागलेला. लायसन काढलं, बंदूक घेतली, जिन्याखाली पोलादी कपाट बसवलं. बापाची आठवण म्हणा की आणखी काही, मला त्यात बरं वाटायचं. हिला नाही. मारलेलं पाखरू तिनं स्वयंपाकघरात कधी येऊ दिलं नाही. मी शेडमध्ये साफ करायचो आणि इतकी वर्षं तिनं त्या शेडचा उंबरा ओलांडला नाही.

"सुरमई खातेस ती काय झाडाला लागते?" मी म्हणायचो.

"सुरमई माझ्याकडे बघत नाही."

"कबूतर तरी कुठे बघतं? मेलेलं असतं."

"त्याच्या डोळ्यातलं जाताना दिसतं. माशाचे डोळे जिवंतपणीही तसेच असतात." वर म्हणायची, "तुम्हाला नाही कळायचं."

तसे आम्ही संसारात सुखी होतो. पण एक सल होता. त्या शेतात कुंपणाआड बसलेला मी जो होतो, तो तिनं कधी पाहिलाच नाही. बाकी माझ्यात बघण्यासारखं होतं काय? कंटेनर, डबा, पेन्शन. एकदा तरी हिनं बाजूला बसावं, एवढंच मला हवं होतं.

रिटायर झाल्यावर एकदा आम्ही शेतीच्या जत्रेला गेलो. ही मध आणि जॅम बघायला, मी बंदुका. तिथे आफ्रिकेतल्या नामिबियाचा एक शेतमालक शिकारीच्या सहलींचं टेबल मांडून बसला होता. लालबुंद मानेचा, आडदांड, पण बोलायला मऊ. त्याच्या हजारो एकरांच्या रानात पिळाच्या शिंगांचे कुडू, ओरिक्स. ओरिक्स म्हणजे सरळ लांब शिंगांचं हरण, बैलाएवढं. मी फोटो बघत राहिलो. ही मधाची बाटली घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"आणि मॅडमसाठीही सोय आहे," तो म्हणाला. "नॉन-हंटर. पोहण्याचा तलाव आहे, ड्रायव्हर शहरात दुकानं दाखवायला नेईल. संध्याकाळी साहेब परत येतील."

हिचं इंग्रजी शाळेच्या किचनमध्ये काम करून आलेलं, माझ्यापेक्षा बरंच बरं. तिनं त्याला विचारलं, "म्हणजे मी दिवसभर त्यांची वाट बघायची?"

"आरामात बघा!" तो हसला.

ही माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "वाट बघायला मी आफ्रिकेत कशाला जाऊ? ते काम मी नऊ वर्षं केलंय. जायचं तर तुमच्या बाजूला बसेन, नाहीतर जाऊ नका."

मी तिथे उभ्या उभ्या गार पडलो. जे मी चाळीस वर्षांत मागितलं नव्हतं ते बाई स्वतः देत होती, तेही भांडल्यासारखं.

मग जेवायच्या टेबलावर नकाशा पसरला. हिच्या अटी सुरू झाल्या. तिकडचा शिकारीचा हंगाम म्हणजे इथला विलायती उन्हाळा, तिकडचे कोरडे दिवस, जनावरं पाण्यावर येतात ते. तिनं भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढून आणलं.

"जुलैच्या शेवटाला श्रावण लागतो. श्रावणात बंदूक नाही."

"बरं, जूनमध्ये जाऊ."

"सोमवारी नाही, गुरुवारी नाही. चतुर्थीला तर नावच काढू नका."

"मग मी मारू कधी?"

"बाकीचे वार तुमच्या पापाला. सोमवार, गुरुवार, चतुर्थी मला हत्ती दाखवायचे. आणि शेवटचे सगळे दिवस त्या मोठ्या अभयारण्यात, तिथे बंदूक नेतच नाहीत म्हणे."

"एकच हरण. एकाच्या वर मागत नाही."

"एकच. आणि म्हातारं बघून मारा. पोरंबाळं झालेलं."

मी नामिबियाला फोन लावून वार सांगितले. तो माणूस चक्रावला. "सर, हे धार्मिक सण आहेत का?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या बायकोचे."

तो हसला, मग म्हणाला, एक अडचण आहे. पाणवठ्याजवळ फांद्यांच्या आडोशात तास तास बसावं लागतं. बोलायचं नाही, खोकायचं नाही. आणि त्या दिवशी मॅडमच्या हातात बांगड्या बघितल्या, त्या काढाव्या लागतील. काच वाजली की जनावर मैलभर पळतं.

मी हिला सांगितलं. तिनं चहा खाली ठेवला. "तुम्ही धडधाकट बसलाय समोर आणि मी बांगड्या उतरवू? त्याला सांगा, न वाजवण्याची जबाबदारी माझी."

म्हणून ती लोकर.

मुलगी मँचेस्टरला. इथेच जन्मलेली, तिचं मराठी आपलं असं तसं. तिनं फोनवर आईला झापलं. "आई, बाबा प्राणी मारणार आणि तू बाजूला बसून बघणार? तुझा डोकं ठीक आहे?"

"मी हत्ती बघायला चाललेय."

"पण डेड डीअरचं काय?"

"ते तुझ्या बाबांकडे बघेल तेव्हा मी तुझ्या बाबांकडे बघेन," ही म्हणाली. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी बसून ऐकत होतो. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

सरावाची कल्पना माझी. हे लिहून ठेवतो.

शेडला एक खिडकी आहे, बागेच्या मागच्या कोपऱ्याकडे तोंड करून. तिला मी गोणपाट लावलं, मधे फट ठेवली. दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या. ही पहिल्यांदा आत आली ती झाडू घेऊनच. "इतकी वर्षं या उकिरड्यात बसत होतात?" म्हणाली. झाडलं, चटई अंथरली आणि बसली. नियम मी घातले. हलायचं नाही. मान वळवायची नाही, डोळेच फिरवायचे. काही दाखवायचं असलं तर शेजाऱ्याच्या गुडघ्याला बोट लावायचं आणि ज्याला बोट लागलं त्यानं दचकायचं नाही, वळायचं नाही.

तिला मुळीच जमायचं नाही. दर रविवारी बसायचो आणि दर रविवारी दोन मिनिटांत, "अहो, गॅस बंद केलात ना?" मी रागानं बघायचो. थोडा वेळ गप्प. मग, "ते मांजर बघा, शेजारणीचं. आपल्या वाफ्यात काय करतंय मेलं." मग मी हसायचो, मग दोघंही हसायचो, सराव संपला.

"अशानं तिकडे मुंगीसुद्धा येणार नाही," मी म्हणायचो.

"येईल हो. मुंगीला कान नसतात."

त्या रविवारी ती बोलली नाही.

थंडी होती, पण ऊन पडलं होतं. सुरुवातीला तिनं कोटावरची शाल सारखी केली, ते मला आठवतं. नंतर काही नाही. मी मनात म्हटलं, आज बाईनं मनावर घेतलंय. बराच वेळ गेला आणि कुंपणाखालून एक कोल्ही आली. पोट जड, पिलं पोटात असावीत. दिवसाढवळ्या सरळ कंपोस्टच्या ढिगाशी आली, हुंगत हुंगत शेडच्या इतकी जवळ की तिच्या मिशा दिसत होत्या. हातात बंदूक नव्हती आणि मला ती हवीही नव्हती. मी हळूच हिच्या गुडघ्याला बोट लावलं. बघ.

ती दचकली नाही. वळली नाही. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिचे डोळे फटीकडेच होते. मला इतका अभिमान वाटला तिचा, काय सांगू. जून महिना माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. पाणवठा, धूळ, बाजूला ही, अशीच. मी आयुष्यात एवढा सुखी कधी नव्हतो, हे खरं सांगतो आणि हेच मला सहन होत नाही.

कोल्ही गेली. तरी मी उठलो नाही. एवढं छान जमलंय तर कशाला मोडायचं, म्हणून आणखी बसलो. मग म्हटलं, "जमलं गं तुला."

त्यातला किती वेळ मी एकटाच बसलो होतो, मला माहीत नाही. तिनं कोल्ही पाहिली की नाही, तेही नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय थांबलं, तुम्ही लगेच ओरडला असतात तरी उपयोग नव्हता, त्यांना कळलंही नसेल. तो भला माणूस होता. पण तो शेडमध्ये नव्हता. मी होतो, हाताच्या अंतरावर, आणि मला कळलं नाही. दुसऱ्याचे श्वास ऐकण्यात माझा जन्म गेला, गवतात, अंधारात, डुकरांचे.

घरात अचानक मरण आलं म्हणून पोलीस आले. दोन तरुण, टोपी काढून उभे. एकानं जिन्याखालचं कपाट पाहिलं आणि अगदी नरम आवाजात विचारलं, "सर, बंदूक काही दिवस आमच्याकडे ठेवली तर चालेल?" तो काय विचारतोय ते मला समजलं. त्याचं चुकलं नव्हतं. मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. नंतर त्यांनी पत्र पाठवलं, घेऊन जा म्हणून. मी गेलो नाही. आजही त्या कपाटाजवळून जाताना वाटतं, बरं केलं पोरानं.

मे महिन्यात नामिबियाचा फोन आला. मी सांगितलं.  तो म्हणाला, "सर, तरी या. रानात बरं वाटेल." मी विचारलं, माझ्या बाजूला कोण बसणार?  बायका सांत्वनाला आल्या. म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. मला असलं भाग्य ऐकवू नका म्हणून मी उठून आत गेलो. मुलगी म्हणते मँचेस्टरला या. तिकडे जाऊन काय करू? इथे निदान खुर्च्या आहेत. शेडमध्ये अजून तशाच आहेत. घर आता इतकं शांत असतं की कुठलंही जनावर येऊन उभं राहील. येत मात्र काही नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं तेवढं सांगायचं राहिलं.

मुलगी गाडी चालवत आली होती, डोळे सुजलेले. आम्ही दोघं हॉस्पिटलला गेलो. तिथे एका छोट्या खोलीत हिला ठेवलं होतं, गळ्यापर्यंत चादर. तिथली बाई वयस्क होती. म्हणाली, "आम्ही दागिन्यांना हात लावला नाही. पण त्यांच्या मनगटांना बँडेज आहे, लागलं होतं का?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. तिला लोकरीचं ठाऊक नव्हतं.

"लागलं नव्हतं," मी म्हटलं. "आवाज होऊ नये म्हणून."

त्या बाईला काही समजलं नसेल.  कात्री देऊ का, एवढंच म्हणाली. मी नको म्हटलं. खुर्ची ओढून बसलो, हिचा डावा हात चादरीतून बाहेर काढला आणि गाठ सोडवायला लागलो. दातांनी ओढलेली गाठ, माझी बोटं जाड. मुलगी म्हणाली, "बाबा, मी करू?" मी म्हटलं, तू लोकर धर. हळूहळू सुटत गेली तशी ती गुंडाळत गेली, आईनं लहानपणी शिकवलं होतं तशी बोटांवर, आणि रडत होती. मग उजवा हात. सगळ्या बांगड्या शाबूत होत्या.

मी तो हात खाली ठेवला. बांगड्या वाजल्या.

"चला बाबा," मुलगी म्हणाली.

मी म्हटलं थांब जरा, आणि हात उचलून परत एकदा खाली ठेवला.