वहिनीने दादाला उचललं

माझ्या वहिनीला कुणी शूर म्हटलं, तर ती आधी मागे वळून बघेल, दुसऱ्या कुणाबद्दल बोलणं चाललंय का ते. संसारभर तिने दादाच्या शब्दाला "बरं" म्हटलं. खिडकी किती उघडायची इथपासून कुणाच्या लग्नाला जायचं इथपर्यंत सगळं दादा ठरवणार आणि ही मान डोलावणार. मला त्या "बरं"चा भयंकर राग यायचा. नणंद असून मी वहिनीची बाजू घेते म्हणून दादा मला घरभेदी म्हणायचा. म्हणू दे.

दादा क्रेन चालवायचा. कामावर सगळे त्याला उस्ताद म्हणत. क्रेनचे पाय जमिनीवर घट्ट रोवल्याशिवाय त्याने कधी वजन उचललं नाही, आणि हे तो जेवतानाही ऐकवायचा. असा हा उस्ताद एके दिवशी केबिनच्या शिडीवरून घसरला. मानेला मार बसला. मानेखालचं काही हलेना, काही कळेना. तोंडाला मात्र ओरखडाही आला नव्हता. पडल्या पडल्या हुकूम चालूच.

घरी आणल्यावर त्याला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं म्हणजे रोजचं संकट. शेजारचे दोघे, मी आणि वहिनी, असे आम्ही चादरीची चार टोकं धरून त्याला उचलायचो. एकदा एकाच्या हातून टोक निसटलं आणि दादाचा खांदा खुर्चीच्या दांड्यावर आपटला. त्याला पत्ताच नाही, आम्हालाही सदऱ्यावरचं रक्त बघून कळलं. त्यानंतर शेजारी काही ना काही निमित्त काढू लागले, मी दिवसभर कामावर, आणि वहिनी एकटीच त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढू लागली. तिची कंबर गेली. ती लोकांचे कपडे अल्टर करून द्यायची. शिलाई मशीनवरून उठताना भिंत धरायची, आणि विचारलं की "पायाला मुंग्या आल्यात" म्हणायची.

मग हॉस्पिटलच्या सिस्टर आल्या आणि सोबत पेशंट उचलायची लिफ्ट आली. लिफ्ट म्हणजे चाकांवरचा लोखंडी खांब, त्याला पुढे आलेला एक लांब हात, हाताच्या टोकाला आकडे आणि आकड्यांत अडकवायची कापडी झोळी. पेशंटला झोळीत घ्यायचं आणि बाजूचा दांडा मारत राहायचं, की हात वर जातो. खांबावरची कळ फिरवली, की तो खाली येतो. सिस्टरांनी वहिनीला आठवडाभर शिकवलं.

"उचलताना लिफ्टचे ब्रेक उघडे ठेवायचे," त्या पुन्हा पुन्हा सांगत. "वजन आलं की ती आपली आपण सरकून माणसाखाली येते. अडवून धरलीत तर कलंडेल."

शेवटी त्या स्पष्टच बोलल्या. "ताई, दिवसभर घरात तुम्ही एकट्या. तुम्हाला एकटीला जमलं तरच यांना इथे ठेवता येईल. नाहीतर शुश्रूषा केंद्रात हलवावं लागेल. सोमवारी मी नुसती बघणार. मला हात लावावा लागला, तर जमलं नाही असं समजू."

ते केंद्र शहराच्या पार बाहेर. दादाने तिथे हाय खाल्ली असती. आणि खरं सांगते, इथे रिकाम्या पलंगाकडे बघून वहिनीनेही खाल्ली असती.

सोमवारी आम्ही शिलाई मशीन बाहेर काढून खोलीत जागा केली. सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, मी भिंतीला चिकटून. वहिनीने दादाला कुशीवर वळवलं, झोळी डोक्यापासून कमरेपर्यंत खाली सारली, मांड्यांखालून पट्टे काढून एकमेकांत ओवले. एकूण एक शिवण ओढून पाहिली. परक्याच्या शिलाईवर तिचा विश्वास नाही. मग तिने पट्टे आकड्यांत अडकवले आणि दांड्यावर हात ठेवला.

"ब्रेक लाव," दादा म्हणाला.

"अहो, सिस्टर म्हणाल्यात की..."

"जन्म गेला माझा वजनं उचलण्यात. पाय रोवल्याशिवाय उचलायचं नाही. लाव म्हणतो ना!"

वहिनीने सिस्टरांकडे बघितलं. त्या फक्त एक पाऊल जवळ आल्या. मी डोळे वटारून "नको, नको" अशी मान हलवत होते.

"बरं," वहिनी म्हणाली आणि पायाने दोन्ही ब्रेक दाबले. तोंडात आलेली शिवी मी गिळली.

दांडा हलू लागला. दादाची पाठ गादीपासून सुटली. त्याचं सगळं वजन पुढच्या हातावर आलं, लिफ्टला पुढे सरकायचं होतं, आणि चाकं तर जाम. खांब पलंगाकडे झुकला. मागची चाकं फरशीवरून उचलली गेली. दादा झोळीत हेलकावला.

"वर घे! थांबू नकोस! अगं खाली, खाली! नको, धर!"

उस्तादाच्या तोंडून उलटसुलट हुकूम सुटत होते. सिस्टरांचा हात खांबापासून वीतभर अंतरावर आला होता. तो हात टेकला की दादा या घरातून गेला, हे मला कळत होतं. आणि नाही टेकला तर दादा डोक्यावर पडेल, हेही कळत होतं.

वहिनीने मागच्या चाकावरच्या पट्टीवर पाय ठेवला आणि अंगाचा सगळा भार दिला. मग खांबावरची कळ इतकी हळू फिरवली, की दादा खाली येतोय हे आधी दिसेचना. मागची चाकं फरशीला टेकली. दादाची पाठ गादीला टेकली. सिस्टरांनी हात मागे घेतला.

वहिनी वाकली आणि तिने दोन्ही ब्रेक उघडले.

"ब्रेक..." दादाचा आवाज फाटला होता.

"नाही."

लग्न होऊन आल्यापासून तिने त्याला हा शब्द ऐकवला नव्हता.

"अगं, मी सांगतोय तुला..."

"ऐकलं मी. क्रेन तुमची होती. हा दांडा माझ्या हातात आहे आणि झोळीत तुम्ही आहात. ब्रेक उघडेच राहतील."

आता हा भडकणार, असं वाटून मी पुढे झाले. दादाने नजर छताकडे वळवली.

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला.

अंथरुणाला खिळल्यापासून तो घर डोक्यावर घेत होता, ते कशापायी, हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी त्याला नुसता हेकट समजत होते.

"मलाही वाटते," वहिनी म्हणाली. "माझ्याकडे बघत राहा. भीती वाटली की सांगा. बाकी काही सांगू नका."

तिने दांडा मारायला सुरुवात केली. या वेळी वजन आलं तशी चाकं हळूच पलंगाखाली सरकली आणि खांब ताठ उभा राहिला. दादा वर आला. लिफ्ट मागे आली, वळली, खुर्चीसमोर थांबली. दादाचे डोळे वहिनीवरून हलले नाहीत. लग्नातही त्याने तिच्याकडे इतकं बघितलं नसेल. तिने त्याला खुर्चीत उतरवलं, मान सरळ केली, पट्टे सोडले.

"घरीच राहू द्या यांना," सिस्टर म्हणाल्या. मी तोंडावर हात दाबून रडू आवरलं.

वहिनीला ते आवरलं नाही. ती खुर्चीशी खाली बसली, दादाच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडू लागली. दादाला नुसता आवाज येत होता.

"जरा वर ये ना," तो म्हणाला. "गालापाशी ये. तिथे कळतं मला."