तमारच्या उत्तर दरवाजाबाहेरची पणती

तमार हे शहर नकाशात शोधू नका, सापडायचे नाही. आमच्या कंपनीला मात्र तिथे चौदा महिन्यांची पोस्टिंग मिळाली होती. शांतिसेनेचे काम. व्यापाराचा रस्ता आणि शहराचे तीन दरवाजे सांभाळायचे. मी हवालदार होतो. उत्तर दरवाजाची पोस्ट माझ्याकडे होती, हाताखाली सहा जवान.

शहर वाळवंटात असूनही श्रीमंत होते. मीठ, खजूर, तांबे, कातडी; उंटांची रांग दिवसभर संपत नसे. पण उत्तर दरवाजाबाहेर पाऊल टाकले की रान. आपले काजूचे रान नव्हे. तिथे एक झाड नव्हते आणि वाळूच्या टेकड्या चालत. वारा नसला तरी चालत. संध्याकाळी डावीकडे पाहिलेली टेकडी सकाळी उजवीकडे असे, आणि कंपास गरागरा फिरे. पहिल्या आठवड्यात मी हे हसण्यावारी नेले. दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी गुमान टेकड्यांचे चित्र काढून लॉगबुकात ठेवू लागलो.

माझ्या पोस्टवर लान्स नायक सगुण होता. तो डिचोलीचा, मी पेडण्यातल्या कोरगावचा. परमुलखात एवढे नाते पुष्कळ झाले. भरती होण्याआधी तो दोन वर्षे बापाबरोबर खाणीवर टिप्पर चालवत होता. भुसभुशीत मातीत चाक कुठे धरेल हे त्याला बसल्या जागी कळे. तोंडाचा फटकळ. तिथला वाळका पाव हातात घेऊन विचारायचा, "हवालदारानू, ह्यो पाव खावचो की मोर्च्याच्या भिंतीक लावचो?"

दरवाजा सांभाळायला हमदू नावाचा एक म्हातारा होता. सूर्य मावळला की तो दरवाजा लावी. रस्ता ठीक असेल तर बुरुजावर मोठा कंदील चढवी. रस्त्यातली वाळू सरकत असेल तर सगळा तट काळोखात ठेवी. बाहेरच्या तांड्यांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. उजेड दिसला तर चालत यायचे, काळोख असला तर आहे तिथे उंट बसवून सकाळपर्यंत थांबायचे. दुभाष्याने पहिल्याच दिवशी आम्हाला बजावले होते की तटाबाहेर उजेड दिसता कामा नये. मी 'येस' म्हटले आणि टॉर्च, गाडीचे दिवे, विडी, सगळ्यावर बंदी घातली.

त्या दिवशी मिठाचा तांडा यायचा होता. पाच वाजता वारा उठला. साडेसहापर्यंत तांड्याचा पत्ता नव्हता. हमदूने दरवाजा लावला, कंदील चढवला नाही. ती माणसे बाहेर आहेत हे माझ्या मनातून जाईना. आमच्याकडे वेशीवरच्या राखणदाराला दिवा दाखवून गाऱ्हाणे घालतात, की वाटेवरच्यांना सांभाळ. सहा चाळीसला मी मोठ्या दरवाजातली छोटी दिंडी उघडून बाहेर गेलो. तटाच्या कोनाड्यात, वारा लागणार नाही असा, डब्याच्या झाकणात खोबरेल घालून वात ठेवली. काडी सगुणने पेटवून दिली.

"आमच्या राखणदाराक हंयची वाट गावतली मां?" तो म्हणाला.

"गावतली," मी म्हटले आणि हात जोडले.

देवाच्या दिव्याला कसला ब्लॅकआऊट, असे मला वाटले. उजेड तो उजेड, हे माझ्या डोक्यातच आले नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी उंटांच्या घंटा ऐकू आल्या. मागोमाग ओरडा. हमदू बुरुजावरून वाकला, त्याला पणती दिसली. म्हातारा धावत खाली आला आणि बाहेर जाऊन त्याने ती तळहाताने विझवली. उशीर झाला होता. तांडा त्या पणतीच्या रोखाने चालत आला होता आणि दरवाजापासून तीनशे मीटरवर सरकत्या वाळूत फसला होता.

"बेस, नॉर्थ गेट. तांडा वाळूत फसलाय. चौदा माणसं. बाहेर जायची परवानगी पाहिजे. ओव्हर."

"नॉर्थ गेट, एक गाडी. दोर बांधून. ड्रायव्हर कोण? ओव्हर."

मी माझे नाव सांगणार होतो. चावी माझ्याच हातात होती. सगुणने ती काढून घेतली.

"तुमका मातयेत गाडी चलवक येना नाय. मी जातंय."

खरे होते. मी त्याला जाऊ दिले.

पहिल्या खेपेला त्याने सात माणसे आणली, दुसऱ्या खेपेला सहा. तोवर वाळू आणखी सरकली होती. मी म्हटले, "सगुण, आता बस्स." तो म्हणाला, "एकटो ऱ्हवलो हा," आणि गिअर टाकला. राहिला होता तांड्याचा म्हातारा म्होरक्या.

सात अठ्ठेचाळीसला त्याचा आवाज आला, "नॉर्थ गेट, म्हातारो गावलो. ओढा."

आम्ही ओढू लागलो. सहा जण आम्ही, हमदू, आणि नुकती वाचलेली माणसेसुद्धा. दोर ताणला आणि मग एकदम सैल पडला. तुटलेले टोक वाळूवरून घसरत आमच्या पायांशी आले. मी रेडिओवर त्याला हाका मारत राहिलो. शेवटी कॅप्टनसाहेबांनी येऊन सेट माझ्या हातातून काढून घेतला.

सकाळी तिथे एक नवीन टेकडी उभी होती. आम्ही नऊ दिवस खणले. गाडीचा एक बोल्टही मिळाला नाही. रिपोर्टमध्ये 'वादळात मदतकार्य करताना' असे लिहिले गेले. पणतीबद्दल कोणी विचारले नाही. हमदू बोलला नाही आणि मीही बोललो नाही. त्याची मला लाज वाटते.

रिटायर होऊन घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी डिचोलीला सगुणच्या आईकडे गेलो. तिने चहा केला, पाव पुढे ठेवला. मी सगळे सांगितले, वेळेसकट.

"दिवो तू लावलंस, ह्या सगुणाक ठावक होता?"

"होय. काडी त्यानंच दिली."

"आणि भायर जावक तू निघालंस?"

"होय."

"म्हणजे तो तुज्यासाठी गेलो."

मी मान हलवली. मला रडू आवरेना. ती रडली नाही. चहा निवला होता. तिने तो उचलून आत नेला, पुन्हा गरम करून आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

"मगे तू तरी म्हातारो हो, पुता," ती म्हणाली.

यंदा मी पन्नाशीला आलो. दर महिन्याला डिचोलीला जातो. ती माझ्या पिकलेल्या केसांवरून हात फिरवते. लान्स नायक सगुण सत्तावीस वर्षांचा होता.