साल्मेच्या भट्टीतला तडा

वाल्दुर कोइव आमच्या दुकानात आठवड्यातून दोनदा येतो. राय धान्याचा काळा पाव, खारवलेले मासे, कधी आंबट साय. चव्वेचाळीस वर्षं मी त्याला पाव देत आले आणि ती सगळी वर्षं त्याच्याबद्दल चुकीचं बोलत आले. तेव्हा त्याची गोष्ट मीच सांगावी हे बरं.

तो भट्ट्या बांधायचा. घराच्या मधोमध, छतापर्यंत पोचणारी विटांची भट्टी. सकाळी दोन तास लाकूड जाळायचं, निखारे विझत आले की धुराड्याची झडप बंद करायची, मग विटा दुसऱ्या सकाळपर्यंत ऊब सोडत राहतात. आमच्या कूसेक्युला गावात जानेवारी त्यावरच निघतो. वाल्दुरचा हात चांगला होता, यावर शेजारच्या परगण्यात कोणाचं दुमत नव्हतं. आमच्या गावात मात्र त्याला कोणी बोलावत नसे, कारण त्याने बांधलेल्या भट्टीने एल्मारचा जीव घेतला होता.

एल्मार म्हणजे साल्मेचा नवरा. एक्याऐंशी सालच्या हिवाळ्यात तो डेअरीतली रात्रपाळी करून सकाळी घरी आला, भट्टीच्या ऊबदार भिंतीला पाठ लावून झोपला, तो उठलाच नाही. निखाऱ्यांच्या वायूला वास नसतो. चौकशीला मिलिशियाचा, म्हणजे तेव्हाच्या पोलिसांचा, माणूस आला, तेव्हा भट्टी तपासायला बोलावलेल्या सव्वीस वर्षांच्या वाल्दुरने भट्टीच्या मागच्या बाजूला बोट ठेवून सांगितलं, "इथे तडा आहे. सांधा मीच नीट भरला नव्हता."

सामूहिक शेतीच्या बांधकाम टोळीतून त्याला काढलं. मी तेव्हा दुकानात नवीन होते आणि तोंडाला कुलूप घालणं मला कधी जमलं नाही. महिन्याभरात तो तडा सगळ्या परगण्याला पाठ झाला. माझ्या घरची भट्टीही वाल्दुरनेच बांधलेली. ती मी त्या उन्हाळ्यात पाडली आणि शहरातून माणूस आणून दुसरी बांधून घेतली. ती लाकूड गिळते आणि ढिम्म तापत नाही, पण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरात साल्मेची मुलगी ऐवी तार्तू शहरातून आली. साल्मे अठ्ठ्याहत्तरची. सकाळी तिच्या खोलीत अकरा डिग्री. म्हातारी दोन स्वेटर, फरची टोपी घालून लापशी ढवळत होती. ऐवीने तिथेच हुकूम सोडला, "आई, मार्दीच्या सणापर्यंत सकाळी सातला खोलीत अठरा डिग्री दिसली नाही, तर तू माझ्याकडे येतेस. पाचवा मजला, लिफ्ट आहे, रेडिएटर आहेत."

"आणि तिथे मी करू काय? रेडिएटरकडे बघत बसू?"

"टीव्ही बघ."

"त्यापेक्षा थंडीने मेलेली बरी," साल्मे म्हणाली, आणि ते तिने गमतीने म्हटलं नव्हतं. त्या घरात ती लग्न होऊन आली, तिथून तिला फक्त स्मशानात जायचं होतं.

मार्दीचा सण म्हणजे दहा नोव्हेंबर. नवी भट्टी बांधणारा कोणी मिळेना, म्हणून ऐवीने चौकशी केली आणि शेजारच्या परगण्यातल्या लोकांनी तिला वाल्दुरचं नाव दिलं. खांदा गेल्यापासून तो विटा उचलत नाही, फक्त घर कुठे थंड पडतं ते सांगतो. ऐवीला जुनं सगळं ठाऊक होतं, पण तिचा नाइलाज होता. साल्मेने दार उघडलं, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "पाय पुसून ये."

पुढचं मला नंतर साल्मे आणि वाल्दुर दोघांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं.

वाल्दुरची रीत अशी की, पहिल्या दिवशी तो कशालाही हात लावत नाही. सकाळी भट्टी पेटायच्या आधी येतो, कोट अंगावर ठेवून स्टुलावर बसतो आणि दुपार कलेपर्यंत बसून राहतो. मध्येच उठून पेटती मेणबत्ती भिंतीच्या कडेकडेने फिरवतो, ज्योत हलली की तिथे फट. जळणाच्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटून ऐकतो. वाळलेलं लाकूड खणखणतं, ओलं धप्प वाजतं.

"हे झाड कधी तोडलं?"

"या वसंतात."

"म्हणजे तू पाणी जाळतेस, साल्मे. निम्मा जाळ पाणी उकळण्यातच जातो. लाकूड फोडून दोन उन्हाळे वाळवायचं."

"दोन उन्हाळे थांबायला माझ्याकडे आहेत का, ते आधी ऐवीला विचार."

त्याने स्वतःच्या शेडमधलं वाळकं लाकूड ट्रॅक्टरमागच्या गाडीत घालून आणून दिलं. माळ्यावर चढून पाहिलं, तर ऊब धरायला घातलेला जुना भुसा बसून बसून वीतभरसुद्धा उरला नव्हता. ऐवीच्या नवऱ्याने कापसासारख्या कागदी भरावाच्या नव्या गोण्या आणल्या आणि दोन हात उंचीचा थर दिला. "ऊब वर पळते. टोपी आधी घाल, मोजे मागून," वाल्दुरने त्याला सांगितलं. भिंतीच्या ओंडक्यांमधल्या फटींतलं शेवाळ पक्ष्यांनी उपसून नेलं होतं, तिथे त्याने अंबाडीचे धागे ठासून घेतले. खिडक्यांच्या कडांना साल्मेने स्वतः कागदी पट्ट्या चिकटवल्या. ऐवीला खिडक्या बदलून प्लॅस्टिकच्या घट्ट बसवायच्या होत्या, त्याला वाल्दुर ठाम नाही म्हणाला. "जळणाऱ्या भट्टीला हवा लागते, पोरी. घराचं नाक दाबलंस तर धूर उलटा आत येईल."

सहा नोव्हेंबरला सकाळी सातला खोलीत चौदा डिग्री होती. सात तारखेलाही चौदाच.

आता एकच गोष्ट राहिली होती आणि ती वाल्दुरने पहिल्याच दिवशी पाहिली होती. साल्मे धुराड्याची झडप कधी पुरती बंद करत नसे. दोन बोटं उघडी ठेवायची, दिवसरात्र, बारा महिने. विटांनी साठवलेली ऊब त्या दोन बोटांतून आभाळात जात होती. त्याने हे शेवटापर्यंत ठेवलं होतं. बाकीच्या उपायांनी काम भागेल अशी त्याला आशा होती, असं तो मला म्हणाला. माणूस सत्तरीला आला तरी अशा आशा कशा ठेवतो, मला कळत नाही.

आठ तारखेला सकाळी नऊच्या सुमाराला जाळ खाली बसला. वाल्दुरने भट्टीचं दार उघडलं आणि साल्मेला समोर बसवलं.

"निखाऱ्यांवर निळं दिसतंय?"

"दिसतंय."

"निळं आहे तोवर वायू आहे. तोवर झडपेला हात लावायचा नाही."

दोघं बसून राहिले. त्याने सळईने निखारे उलटे केले, पुन्हा निळ्या जिभा उठल्या. अर्ध्या तासाने काहीच उठलं नाही. भिंतीवर ऐवीने आणलेला वायूची सूचना देणारा डबा टांगलेला होता, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"आता लाव. पुरती."

साल्मे हलली नाही. "तुझ्या भट्टीत तडा आहे, वाल्दुर. तूच सांगितलंस. झडप लावली की वायू माझ्या खोलीत. तो डबा ऐवीला दाखवायला ठेवलाय मी."

"तडा नाही."

"आता नसेल. तेव्हा होता."

"तेव्हाही नव्हता."

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही, भट्टीकडेच पाहत राहिली. वाल्दुरने त्याच्या मते सावकाश सांगितलं, म्हणजे तीन वाक्यांत. तो त्या दिवशी आला तेव्हा झडप गच्च बंद होती आणि राखेत लाल निखारे होते. भट्टी त्याने इंचाइंचाने तपासली होती, ती अखंड होती. दारात आठ वर्षांची ऐवी उभी होती आणि मिलिशियावाला विचारत होता, झडप कोणी लावली.

"मी लावली," साल्मे म्हणाली. "गोठ्यावर दूध काढायला निघाले होते. तो गारठून आला होता रे. म्हटलं, ऊब जायला नको."

"हो."

"निळं होतं. मी पाहिलं होतं, वाल्दुर. उशीर झाला होता. म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय." मग, "तू तडा म्हणालास आणि मी तडा धरून बसले. सोयीचा होता मला."

साल्मेने त्याला घरी जायला सांगितलं. तो गेला. रस्त्यावरून वळून पाहिलं तर ती अजून स्टुलावर होती.

झडप नंतर तिने स्वतःच पुरती लावली. नऊ तारखेला खोलीत सतरा. दहाला सकाळी ऐवीने फोन केला तेव्हा साल्मेने तापमापीकडे बघून सांगितलं, "एकोणीस. तुझा रेडिएटर तुलाच लखलाभ."

त्याच दिवशी अकराला ती दुकानात आली. सणाचं सामान घ्यायला चौघीजणी उभ्या होत्या. साल्मे रांगेत थांबली, तिची पाळी आली तेव्हा तिने काहीच मागितलं नाही.

"लेहते," ती मला म्हणाली, आणि आवाज मुद्दाम मोठा ठेवला, "एल्मार माझ्या हाताने गेला. निखारे विझायच्या आधी झडप मी लावली. भट्टीत तडा कधीच नव्हता. तू त्या वेळी सगळ्यांना सांगितलंस, आता हेही सांग."

एकीने हातातली बटाट्यांची पिशवी खाली ठेवली. साल्मेने कागद मागितला, काउंटरवर वाकून लिहिलं आणि दारावर जिथे आम्ही हरवलेल्या मांजरांच्या चिठ्ठ्या लावतो तिथे चिकटवलं. "वाल्दुर कोइवने बांधलेली भट्टी मी पन्नास वर्षं वापरते आहे. एकही दोष नाही. साल्मे." मग पाव घेऊन गेली. माझे कान तापले होते, आणि मला लाज वाटत होती, हे मी इथे सरळ सांगते.

दुसऱ्या दिवशी वाल्दुर आला. दारात उभं राहून त्याने चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली असावी, कारण गार वारा बराच वेळ आत येत राहिला.

"दार लाव," मी म्हटलं.

त्याने लावलं. "अक्षर चांगलं आहे तिचं," म्हणाला. पाव घेतला, मासे घेतले. मी पिशवी भरताना विचारलं, माझ्याकडेही एकदा बसायला येशील का.

"तुझी भट्टी तू पाडलीस ना?"

"पाडली."

त्याने उजवा हात उचलून दाखवला. तो छातीच्या वर जात नव्हता.

"मग भट्टीचं मी आता काही करू शकत नाही," तो म्हणाला. "पण माळ्यावर भुसा किती आहे?"

इतक्या वर्षांत मी एकदाही वर चढून पाहिलं नव्हतं.