पोटातल्या गाठीचा कौल
तगरीच्या ओल्या कळ्यांचा वास आला की मला माझ्या पोटातली गाठ आठवते. चाळिशी उलटल्यावर माझं पोट वाढायला लागलं. विहिरीवर बायका हसून विचारायच्या, "या वयात गो?" रत्नागिरीला सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, "आतड्याच्या पडद्याला पाण्याची गाठ आहे. क्वचितच कुणाला होते. कॅन्सर वाटत नाही, पण वाढतेय. ऑपरेशन करून काढायला हवी." सासूबाई म्हणाल्या, आधी देवाला कौल लावायचा. मीही घाबरले होते, मला ते बरंच वाटलं. देवळात धूप आणि तेलाचा कुबट वास होता. गुरवाने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या, ऑपरेशन करायचं का म्हणून गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. मी उठायला लागले. सासूबाई हलल्या नाहीत. "परत लाव," म्हणाल्या. "काकी, देवाने उत्तर दिलंन," गुरव म्हणाला. "तू प्रश्न चुकीचा विचारलास. सून जगायला हवी की नको, ते विचार." त्याने कळ्या परत चिकटवल्या आणि तसं विचारलं. बऱ्याच वेळाने उजवी कळी पडली. "मग गाठ काढायलाच हवी," असं म्हणून त्या उठल्या. ऑपरेशन झालं, शहाळ्याएवढी गाठ निघाली, तपासणीत साधीच ठरली. त्यानंतरही आमचं कधी पटलं नाही, भांडणं शेवटपर्यंत चालली. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे, आणि घरात भांडायला कोणी नाही.