लेखातला चहा

“पुण्याचा कोणी मास्तर आहे तो,” ओसरीवर काका कुणाला तरी सांगत होते. “इतके शुद्ध काने-मात्रे आपल्याकडचा माणूस देतच नाही.”

मी आत काकूला वडे थापून देत होते. हात थांबला.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकीबाळी येतात, पाहुणे येतात, नाटक होतं. आम्ही भंडाऱ्याहून दरवर्षी करडीला काकांकडे जातो. त्या वर्षी मात्र मंडईआधीच नाटक सुरू झालं होतं आणि त्यातला पुण्याचा मास्तर मी होते.

इंटरनेटवरच्या एका मुक्त ज्ञानकोशात मी दुरुस्त्या करायचे. लोकांनी लिहिलेल्या लेखांत पूर्णविराम द्यायचे, वेलांट्या नीट करायच्या, भलत्याच पानाकडे जाणारे दुवे जागेवर लावायचे. घरी कुणाला हे ठाऊक नव्हतं. इंग्रजी शाळेत असल्यामुळे लहानपणी मी मराठी अडखळत वाचायचे आणि सगळे हसायचे. काका तर अजूनही मला मडम म्हणतात. ज्ञानकोशात कुणी हसत नव्हतं. एका पाणपक्ष्याचं नाव घेऊन मी तिथे गुपचूप वावरत होते.

एक दिवस तिथलं करडी गावाचं पान अचानक लांबलचक झालेलं दिसलं. सगळं मिळून एकच वाक्य. ‘पाणी’, ‘आकाश’, ‘म्हैस’, दिसेल त्या शब्दाला दुवा. आणि मधेच, ‘या तलावावर अहो चहा घ्या थंडा होऊन राहिला आजूबाजूची धानाची शेती अवलंबून आहे’.

लेखक कोण, हे कळायला दुसरा पुरावा लागला नाही. काका मोबाइलसमोर बोलून लिहीत होते आणि काकू नेहमीसारखी मधे बोलली होती.

मी चहा काढला. पूर्णविराम दिले, म्हशीला दुव्यातून सोडवलं. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून केव्हाच वेगळा झाला, तरी लेखात काकूचं माहेर काकांनी अजून भंडारा जिल्ह्यातच ठेवलं होतं, ते गोंदिया जिल्ह्याच्या पानाला जोडलं. दुसऱ्या दिवशी ते परत भंडाऱ्यात. सोबत शेरा, ‘जिल्हा तुटला म्हणून सोयरीक तुटत नाही’. मी एकटीच खूप हसले आणि माहेर पुन्हा गोंदियात नेऊन ठेवलं.

खरा घोळ पुढे झाला. लेखाच्या शेवटी काकांनी मंडई समितीची नावं घातली, अगदी लग्नपत्रिकेसारखी. अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, आणि प्रत्येकापुढे ‘मा. श्री.’. मी ती काढली. त्यांनी घातली. मी कारण लिहून पुन्हा काढली. पत्रिकेत नाव राहून गेलं की आमच्याकडे माणूस वर्षभर रुसतो, हे मला माहीत होतं. पण अख्खं गाव ते पान पत्रिकेसारखं उघडून आपलं नाव शोधत असेल, हे काही डोक्यात आलं नाही.

आता समितीचे अध्यक्ष ओसरीवर बसले होते आणि त्यांनी पाण्याला हातही लावला नव्हता.

“पुण्याचा मास्तर म्हणे!” ते म्हणाले. “काल नाव होतं, आज नाही. पान कोणाचं? तुह्यं. मंग खोडलं कोणी?”

“मी काहून खोडीन गा? मीच त टाकलं होतं.”

“टाकलं बी तूच, काढलं बी तूच. राहू दे. यंदा मंडईत माईकवर नको येऊ.”

मंडईत पाहुण्यांचं स्वागत दरवर्षी काकाच करतात. त्यासाठी शिवलेला नवा कुर्ता आत खुंटीवर होता.

“लिहिणंच सोडतो मी,” काका शेवटी म्हणाले. “लेखातला तलाव अर्धा राहिला त राहिला.”

“त्या मास्तरचे हात झडो,” काकू पुटपुटली आणि चहाचा ट्रे माझ्या पिठाच्या हातांत दिला. “जाय वं, देऊन ये. नाही म्हणले तरी समोर ठेव.”

मी बाहेर गेले. काकांनी लगेच मोबाइल पुढे केला.

“पाह्य मडम, मराठी वाचता येते ना? त्या शहाण्यानं काय कारण देल्लं, समजावून सांग यायले.”

पडद्यावर माझंच वाक्य होतं. बारीक, सभ्य, एकही चूक नसलेलं. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. परक्या माणसासमोर माझा आवाज फुटत नाही, म्हणून तर मी लिहिते. ट्रे खाली ठेवला. वाचायची गरज नव्हती.

“तो मास्तर मीच आहे,” मी अध्यक्षांना म्हटलं. “नावं मी काढली, काकांनी नाही. तिथं कोण्याच समितीची नावं देत नाहीत, मा. श्री. त नाहीच.” मग काकांकडे वळले. “काकूचा चहाही मीच काढला. तुम्ही तलाव पुरा करा, काका. पूर्णविराम मी देऊन राहिली ना.”