सासऱ्यांची तिकिटं आणि तांब्याभर पाणी

माझ्या सासऱ्यांची सतरा आफ्रिकन तिकिटं मी एका दुपारी बुडवली.

सासरे, म्हणजे मेधाचे बाबा, बोटीवर इंजिनियर होते. आफ्रिकेच्या बंदरात बोट लागली की बाकीचे बिअर शोधायचे, हे जुनी टपाल तिकिटं! गोऱ्यांच्या राजवटीत छापलेली, पण चित्रं तिथल्या कारागिरांची: मागावरचा विणकर, मडकं घडवणारी बाई, भात्यापाशी बसलेला लोहार. पुण्याहून परदेशात, आमच्या पुंगोलच्या फ्लॅटवर येताना त्यांनी कपडे कमी केले, पण अल्बम आणला. त्या दिवशी पासिर रिसला मित्राकडे जाताना मला म्हणाले, "सुहासराव, अल्बमला हात लावू नका." (मेधाला नाही सांगितलं. फक्त मला.)

मी हात लावलाच नाही. टेबलावरच्या उघड्या अल्बमशेजारी जेवायला बसलो आणि आमटी वाढून घेताना कोपराने तांब्या पाडला! पुसायला गेलो तर विणकर सुटून फडक्याला आला. पाठोपाठ लोहार निघाला. बघता बघता पानावरची सगळी वस्ती तरंगायला लागली.

आमची दहा वर्षांची इरा डोकावली. "पपा, यू आर सो फिनिश्ड लाह," इथल्या इंग्रजीत म्हणाली आणि परत खोलीत गेली.

मी मेधाच्या भुवयांच्या चिमट्याने एकेक तिकीट उचललं, टॉवेलवर पालथं घातलं, वर दुसरा टॉवेल आणि त्यावर वजन म्हणून कुकर ठेवला. तासाभराने बाबा आले. मी कबुली द्यायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी कुकर उचललाही होता. मग भिंग काढून ते एकेक तिकीट बघत बसले.

"सहा पावसाळे ही पानाला चिकटून बसली होती," ते अखेर म्हणाले. "फाटतील म्हणून सोडवायची माझी हिंमत होत नव्हती. तुम्ही एकही फाडलं नाहीत."

सतराच्या सतरा शाबूत! मला अक्षरशः रडू आलं. खरं सांगणार, तेवढ्यात त्यांनी पासिर रिसच्या मित्राला फोन लावला. "अरे, जावई हुशार निघाला. अकरा वर्षं मी उगाच काळजी करत होतो."

संध्याकाळी मेधाला मात्र मी तांब्यासकट सगळं सांगितलं. तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "बाबा म्हणाले तू ती मुद्दाम भिजवून सोडवलीस, तेव्हा मी घाबरलेच होते."